गिरण्यांच्या भिंती आणि जमिनीची वाटणी

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मुंबईच्या लोअर परळ, महालक्ष्मी, वरळी या भागांत ज्यांचे काही काळाच्या अंतराने जाणेयेणे झाले असेल, त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहिली नसेल. ज्या फाटकांतून पाळी सुटल्यावर कामगारांचे लोंढे बाहेर पडत, त्यांपैकी काही फाटके अजून उभी आहेत आणि गिरण्यांची नावेही लोकांच्या तोंडी कायम आहेत. पत्ता सांगताना आजही कमला मिल, मथुरादास मिल, रघुवंशी मिल असेच सांगितले जाते. आत मात्र कापसाच्या गाठी उतरत नाहीत की भोंगा वाजत नाही. जेथे रिंग खाते होते तेथे कचेरी थाटली आहे, साचेखात्याच्या जागी उपाहारगृह आले आहे, गोदामाचे दुकान झाले आहे. पूर्वी येथे कापड विणले जाई. आता शिवलेले कपडे विकले जातात, आणि त्यांचे कापड बहुधा मुंबईबाहेरच कोठेतरी विणलेले असते.

हे स्थित्यंतर चांगले की वाईट, असे विचारले तर दोन ठराविक उत्तरे मिळतात. एक पक्ष म्हणतो की, कामगारांच्या घामावर उभ्या राहिलेल्या वास्तूंत चैनीची दुकाने निघावीत ही त्यांची विटंबना आहे. दुसरा म्हणतो की, बंद पडलेला कारखाना कुजत ठेवण्यापेक्षा त्याचा काही उपयोग होतो आहे हे काय थोडे झाले? दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. परंतु दोहोंतही मुख्य प्रश्न निसटतो. जुनी इमारत राहावी की जावी हे मुंबईत कोणी आणि कशाच्या आधारे ठरवले, आणि त्या व्यवहारात शहराच्या पदरात काय पडले, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर वास्तुशास्त्रात सापडत नाही. ते सापडते एका विकास नियमाच्या शब्दरचनेत, आणि म्हणूनच ते सर्वसामान्य वाचकाने समजून घेण्याजोगे आहे.

इमारतीचे गुण

प्रथम इमारतींविषयी. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी स्थापन केलेली मुंबईतील पहिली सूतगिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. त्यानंतरच्या अर्धशतकात परळपासून भायखळ्यापर्यंत गिरण्यांचे जे जाळे पसरले त्याची रचना मुख्यतः लँकेशायरच्या धर्तीवर झालेली होती. सूत कातण्याची खाती मजल्यांवर असत. मागांचे, म्हणजे गिरणीच्या बोलीत साच्यांचे, खाते बहुधा तळमजल्यावर, स्वतंत्र शेडमध्ये असे. कारण शेकडो साचे एका वेळी चालू लागले की त्यांचे हादरे वरच्या मजल्यांना सोसत नसत. या शेडचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे असे. दात्याची उभी बाजू काचेची आणि उत्तरेकडे तोंड केलेली, म्हणजे ऊन आत न येता दिवसभर एकसारखा उजेड येई. धाग्याचा तुटलेला शेव शोधणाऱ्या माणसाला सावली पडून चालत नसे. जाड दगडी भिंती, ओळीने उभे केलेले बिडाचे खांब, सागवानी तुळया, बॉयलरला आणि आग विझवण्याला लागणाऱ्या पाण्याचा आवारातच खोदलेला तलाव, आगीच्या फवाऱ्यांसाठी जिन्याच्या मनोऱ्यावर चढवलेली टाकी आणि या सर्वांच्या वर चिमणी, असा एकूण थाट असे.

यंत्रांसाठी बांधलेली ही जागा माणसांच्या दुसऱ्या कामांना विलक्षण सोयीची ठरते, याचा शोध जगाला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लागला. उंच छत, अडथळ्यावाचून लांबवर जाणारी मोकळी जमीन, भरपूर उजेड आणि वाटेल तेवढे वजन पेलणारी बांधणी या गोष्टी नव्या बांधकामात मिळवायच्या तर फार पैसे मोजावे लागतात. शिवाय उभी इमारत पाडून नवी बांधण्यात सिमेंट, पोलाद आणि इंधन यांचा जो खर्च होतो तो वाचतो. तेव्हा जुन्या कारखान्यांना नवे काम देणे हे काही केवळ गतकाळाच्या हळव्या आठवणींचे प्रकरण नाही. त्यात चोख व्यवहार आहे. असे असताना मुंबईत गिरण्यांच्या इमारती जतन झाल्या त्या थोड्या आणि पाडल्या गेल्या त्या पुष्कळ, हे का व्हावे?

इतरत्र काय झाले याकडे एक धावती नजर टाकणे येथे उपयोगी पडेल. न्यू यॉर्कच्या सोहो भागात १९६० च्या सुमारास चित्रकार-शिल्पकार बंद पडलेल्या कारखान्यांच्या मजल्यांवर चोरून राहू लागले. कायद्याने ती जागा राहण्याची नव्हती. १९७१ मध्ये कलावंतांपुरती परवानगी मिळाली, १९७३ मध्ये तेथील बिडाच्या दर्शनी बाजू असलेल्या इमारतींना संरक्षण मिळाले, आणि पुढे भाडी अशी चढली की ज्या कलावंतांनी तो भाग राहता केला त्यांच्यासारख्या नव्या कलावंतांना तेथे पाय ठेवणे कठीण झाले. इमारती वाचल्या, माणसे बदलली. अमेरिकेतच मॅसॅच्युसेट्समधील लोवेल या गिरण्यांच्या गावी निराळा मार्ग धरला गेला. १९७८ मध्ये काँग्रेसने कायदा करून तेथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान स्थापन केले. बूट गिरणीच्या एका भागात आज संग्रहालय आहे आणि तेथे साचे प्रत्यक्ष चालवून दाखवतात. त्यांचा खडखडाट ऐकल्यावर कामगार बहिरे का होत हे सांगावे लागत नाही. गावातल्या इतर गिरण्यांत घरे आणि कचेऱ्या झाल्या आहेत. विशेष म्हणजे गिरणीत काम करणाऱ्या मुली ज्या खानावळवजा वसतिगृहांत राहत, त्यांपैकीही एक जपून ठेवले आहे. कारखाना म्हणजे केवळ यंत्रांची इमारत नव्हे, त्याच्याभोवतीचे राहणे-जेवणे हाही त्याचा भाग आहे, हे भान त्यामागे दिसते.

तिसरे उदाहरण ब्राझीलचे आहे आणि मुंबईकरांना ते अधिक बोचावे असे आहे. साओ पावलो शहराच्या पोंपेया भागात पिंपे बनवण्याचा एक जुना कारखाना होता. व्यापारी आस्थापनांच्या पगारावरील सक्तीच्या वर्गणीतून चालणाऱ्या 'सेस्क' या संस्थेने तो घेतला आणि १९७७ मध्ये लीना बो बार्दी या मूळच्या इटालियन वास्तुरचनाकार बाईंना कामास लावले. जागा पाहायला त्या सुटीच्या दिवशी गेल्या, तेव्हा ओस शेडमध्ये मुले खेळत होती आणि आसपासची कुटुंबे जमली होती. येथे जे चालले आहे तेच चालू राहिले पाहिजे, असे त्यांनी ठरवले. शेड तशाच ठेवून त्यांत वाचनालय, नाट्यगृह, हस्तव्यवसायाच्या कार्यशाळा, जेवणघर केले. शेजारी काँक्रीटचे मनोरे बांधून त्यांत पोहण्याचा तलाव आणि खेळण्याच्या जागा दिल्या. दुकानांत आणि कचेऱ्यांत नोकरी करणाऱ्या सामान्य माणसांसाठी हे केंद्र १९८२ मध्ये उघडले. मुंबईत त्याच वर्षी, १८ जानेवारीला, गिरणी कामगारांचा संप सुरू झाला.

नियमाची किमया

डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. तो औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. गिरण्या संपामुळेच बुडाल्या असे म्हणण्याची एक सोयीस्कर रीत पडली आहे. वस्तुतः जुनाट यंत्रसामग्री, भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांची स्पर्धा, आणि गिरणीच्या उत्पन्नापेक्षा तिच्या खालच्या जमिनीचे वाढत गेलेले मोल ही कारणे संपाच्या आधीपासून काम करीत होती. १९८३ मध्ये केंद्र सरकारने मुंबईतील तेरा गिरण्यांची व्यवस्था आपल्या हाती घेतली. पुढे शहरातील ५८ गिरण्यांपैकी पंचवीस राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या होत्या. बाकीच्या जवळजवळ सर्व खासगी. या सर्वांखालची जमीन सुमारे सहाशे एकर. जागेच्या टंचाईने गांजलेल्या बेटावर, ऐन मध्यभागी, सहाशे एकर!

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनीची वाट मोकळी केली. त्याची मूळ कल्पना न्याय्य होती. गिरणी पाडून जमिनीचा नव्याने विकास करायचा असेल तर ढोबळ मानाने तिचे तीन भाग करावेत. एक महापालिकेला मैदाने-बागांसाठी, दुसरा गृहनिर्माण मंडळाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि तिसरा मालकाला. प्रत्यक्ष प्रमाण जमिनीच्या आकारानुसार थोडे कमीअधिक होते. पण याच नियमाला दुसरे एक दार होते. इमारत न पाडता, आहे त्या बांधकामातच ठरावीक मर्यादेत कचेऱ्या आणि इतर उपयोग करायचे असतील, तर वाटणीचा प्रश्नच उद्भवत नसे.

या दुसऱ्या दाराचा परिणाम काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको होता. जो पाडील त्याला दोन-तृतीयांश जमीन द्यावी लागे. जो राखील त्याला काहीच द्यावे लागत नसे. साहजिकच १९९० नंतरच्या दशकात गिरण्यांच्या जुन्या शेडना रंगरंगोटी होऊन त्यांत कचेऱ्या, चित्रीकरणाच्या जागा, दुकाने दिसू लागली. लोअर परळच्या १९०५ मध्ये स्थापन झालेल्या फिनिक्स मिलच्या आवारात बोलिंगचा खेळ आला आणि मग बाजारपेठ आली. राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचे नाव त्या गिरणीला ठेवणाऱ्यांना हे भविष्य ठाऊक असणे शक्य नव्हते. पण नाव मात्र असे चपखल बसले की जाहिरातवाल्यांना वेगळे शोधावे लागले नाही. तेथील चिमणीही राहिली. ज्यांना जुन्या वास्तूंविषयी आस्था आहे त्यांना हे सारे पाहून बरे वाटले, आणि तसे वाटणे गैर नव्हते. तथापि भिंती राहिल्या त्या त्यांच्या मोलासाठी नव्हे, तर त्या उभ्या असेपर्यंत वाटणी टळत होती म्हणून, हे विसरता येत नाही.

मध्यंतरी १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने महामंडळाच्या गिरण्यांचा अभ्यास केला. एकेका गिरणीचा सुटा विचार न करता सर्व जमिनी एकत्र धरून रस्ते, मोकळ्या जागा आणि स्थानकांभोवतीचा परिसर यांची आखणी करावी, असा तिचा रोख होता. त्या अहवालाचे पुढे जे झाले ते आपल्याकडील बहुतेक चांगल्या अहवालांचे होते.

२००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली. मोजक्या शब्दांची ती दुरुस्ती. पण तिने सारा हिशेब पालटला. वाटणी संपूर्ण जमिनीची न करता केवळ जी जमीन आधीपासून मोकळी होती तेवढ्याचीच करायची, असे ठरले. इमारत पाडल्यावर तिच्याखालची जी जागा रिकामी होईल ती वाटणीत धरायची नाही. गिरणीचे आवार म्हणजे बहुतांशी बांधकामाने भरलेले. मोकळी जागा ती किती असणार? महापालिकेचा आणि घरांचा वाटा त्यामुळे पार आकसला. आणि मालकाला भिंत राखण्याचे जे एकमेव कारण होते तेही नाहीसे झाले. वाटणीच्या भीतीने उभ्या राहिलेल्या शेड वाटणी टळताच पाडण्याजोग्या झाल्या. शहराला जमीनही मिळाली नाही आणि इमारतीही गेल्या. दुरुस्तीला न्यायालयात आव्हान दिले गेले. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याचिकादारांच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

त्याच सुमारास, २००५ मध्ये, महामंडळाने जुपिटर मिल २७६ कोटींना आणि मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना विकली. त्या वेळी हे आकडे ऐकून शहर चकित झाले होते. २०२३ मध्ये बॉम्बे डाइंगने वरळीची सुमारे बावीस एकर जमीन ५,२०० कोटी रुपयांना विकण्याचे जाहीर केले, तेव्हा तेवढे आश्चर्य कोणाला वाटलेले दिसले नाही. नागपूरची एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली होती. तिच्या जमिनीवर आज मोठा मॉल आहे, आणि त्याने 'एम्प्रेस' हे नाव तेवढे पुढे चालवले आहे.

पूल तोच, वर्दळ नवी

इमारतीला नवे काम देणे म्हणजे तिच्या आतील सामान बदलणे एवढेच नव्हे. तिच्याकडे येणारी माणसे बदलतात, त्यांची येण्याची वेळ आणि वाट बदलते. बहुसंख्य गिरणी कामगार गिरणीच्या आसपासच्या चाळींत राहत. भोंगा कानावर पडेल एवढ्या अंतरावर त्यांची खोली असे, बहुधा गावाकडच्या दहा-पंधरा जणांबरोबर वाटून घेतलेली, आणि जेवण खानावळीतले. ते पायी कामावर येत, तेही तीन पाळ्यांत विभागून. परळ, एल्फिन्स्टन रोड, करी रोड, लोअर परळ या स्थानकांचे जिने आणि पूल त्या काळच्या मापाचे होते. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या आणि विरार, बोरिवली, कल्याण, डोंबिवली येथून हजारो नोकरदार एकाच वेळी, सकाळी नऊ ते दहाच्या दरम्यान, याच स्थानकांवर उतरू लागले.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी, जोराच्या पावसात, एल्फिन्स्टन रोड आणि परळ या स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मरण पावली. त्यानंतर लष्कराला बोलावून नवा पूल बांधण्यात आला आणि तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. पाच महिन्यांत पूल होऊ शकतो, एवढे त्यातून सिद्ध झाले. स्थानकांभोवतीची जागा आधी आखा, हे एकवीस वर्षांपूर्वी एका समितीला सुचले होते याची आठवण त्या दिवसांत फार थोड्यांना झाली.

त्याच वर्षाच्या अखेरीस, २९ डिसेंबरच्या मध्यरात्री, कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जण दगावले. हुक्क्याच्या निखाऱ्याची ठिणगी पडद्यांना लागली, असा अग्निशमन दलाचा निष्कर्ष होता. बांबू आणि कापडाच्या छताने ती भराभर पसरली. बाहेर पडायची वाट न सापडलेली माणसे स्वच्छतागृहात शिरली आणि तेथे धुराने गुदमरली. ही मंडळी तरुण होती आणि एक वाढदिवस साजरा करायला जमलेली होती. कापसाच्या गिरणीत आगीचे भय रोजचे असते. म्हणूनच जिन्याच्या मनोऱ्यावर पाण्याची टाकी चढवली जाई, छतातून फवारे फिरवले जात, आवारात तलाव ठेवला जाई. ज्या आवारात हा सारा शहाणपणा एके काळी राबवला गेला तेथे एका ठिणगीने असा अनर्थ करावा, यात परवानग्या देणाऱ्यांच्या आणि घेणाऱ्यांच्या कारभारावर पुरेसा प्रकाश पडतो. जुन्या इमारतीत नवा वापर आणताना दारे, जिने, पाण्याची व्यवस्था यांची मोजणी नव्याने झाली पाहिजे. ती केल्यावाचून दिलेली परवानगी म्हणजे केवळ एक शिक्का असतो.

दुसऱ्या टोकाला महालक्ष्मीजवळची शक्ती मिल होती. तिला कोणी नवे काम दिले नाही की पाडलेही नाही. वर्षानुवर्षे ओस पडलेल्या त्या अवशेषांत ऑगस्ट २०१३ मध्ये एका तरुण छायाचित्रकार स्त्रीवर सामूहिक बलात्कार झाला. न्यायालयीन वादात आणि कागदपत्रांत अडकलेली इमारत शहराच्या मध्यभागी अशीच सोडून देणे हाही एक निर्णयच असतो. तो कोणी घेतला हे तेवढे सांगता येत नाही.

कामगाराचे घर

आता ज्यांच्या नावाने हे सारे चालले त्यांच्याकडे वळू. नियमाने गृहनिर्माण मंडळाकडे आलेल्या जमिनीवर गिरणी कामगारांसाठी घरे बांधण्यात आली, हे खरे आहे. २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत निघाली. १ मार्च २०२० रोजी बॉम्बे डाइंग, स्प्रिंग मिल आणि श्रीनिवास मिल येथील ३,८९४ घरांची निघाली. ज्यांना ती लागली त्यांच्यासाठी, परळच्या खोलीतून बाहेर न पडता मिळालेले स्वतःचे घर ही अपूर्व गोष्ट होती. पण अर्ज होते दीड लाखाच्या आसपास. मूळ तृतीयांशाचा हिशेब कायम राहिला असता तरी सर्वांना घर मिळाले असते असे नाही. तरीही आज आहे तेवढी दरी राहिली नसती, हे सांगायला गणिताची मोठी जाण लागत नाही.

उरलेल्यांसाठी आता शेलू आणि वांगणी येथील घरांची योजना पुढे करण्यात आली आहे. ही गावे कर्जतच्या लोहमार्गावर आहेत. परळहून तेथे जायला गाडीत दीड तासाहून अधिक वेळ मोडतो. कामगार संघटनांनी याला विरोध केला आणि जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर मोर्चा नेला. मोर्चात म्हातारी माणसे होती. संपाच्या वर्षी जो पंचवीस वर्षांचा होता तो आज सत्तरीला टेकला आहे. अनेकांचे वारस रांगेत उभे आहेत. गिरणगावातल्या घराची मागणी हा हट्ट आहे असे म्हणणाऱ्यांनी एवढेच पाहावे की, त्याच गिरणगावात जमीन आहे, इमारती आहेत आणि सरकारी मालकीच्याही आहेत.

कारण प्रश्न अजून संपलेला नाही. महामंडळाच्या टाटा मिल, पोदार मिल यांसारख्या मागे राहिलेल्या गिरण्यांची यंत्रे मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने थांबली. या गिरण्या कोणा खासगी मालकाच्या नाहीत. त्यांचे काय करायचे हे सरकारला ठरवायचे आहे, आणि सरकारला वाटणीची भीती असण्याचे कारण नाही. येथे तरी भिंत आणि जमीन या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध उभ्या करू नयेत. उत्तरेकडे काचा असलेली एक शेड शाळेच्या मुलांना बसून चित्रे काढायला, एक वाचनालयाला, एक खेळायला, आणि मोकळ्या भागात घरे, असा आराखडा साओ पावलोला जमतो तर परळला का जमू नये? दुकाने आणि कचेऱ्या नकोत असे नव्हे. त्यांच्या भाड्यातून बाकीच्यांचा खर्च निघत असेल तर त्या हव्यातच. पण परवानगी देताना किती जागा कोणासाठी, हे आधी कागदावर आले पाहिजे आणि तो कागद स्थानिक रहिवाशांना वाचायला मिळाला पाहिजे.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक दोन-तीनच्या आवारात वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करण्याची महापालिकेची योजनाही बऱ्याच वर्षांची आहे. तिच्याविषयी एकच सूचना करावीशी वाटते. तेथे चार साचे चालते ठेवावेत आणि ते चालवायला, समजावून सांगायला, ज्यांनी आयुष्य साचेखात्यात काढले अशा माणसांना मानधन देऊन बोलवावे. तुटलेला धागा दोन बोटांनी कसा जोडतात, धोटा कसा भरतात, कानठळ्यांत शेजाऱ्याशी ओठांच्या हालचालींनी कसे बोलतात, हे ज्ञान कोठल्याही फलकावर लिहून राहणारे नाही. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या माणसांच्या तोंडून त्यांचा इतिहास नोंदवून ठेवला म्हणून तो पुस्तकात तरी उरला. हात मात्र अजून थोडेच शिल्लक आहेत.

आणखी एक गोष्ट, वरकरणी किरकोळ. घरासाठी पात्रता ठरवताना कामगाराकडे गिरणीचे तिकीट, सेवेचा दाखला, भविष्यनिर्वाह निधीचे कागद मागितले जातात. चाळीस वर्षांत दोन खोल्या बदललेल्या आणि एकदा गावी जाऊन आलेल्या कुटुंबाकडे ते सापडतातच असे नाही. गिरणीच्या टाइम ऑफिसातील मस्टर हा अशा वेळी शेवटचा पुरावा असतो. इमारत विकली जाते, रंगवली जाते किंवा पाडली जाते तेव्हा दप्तराच्या फडताळांकडे कोणी पाहत नाही. महामंडळाच्या ज्या गिरण्या अजून कुलूपबंद आहेत त्यांच्या निविदा काढण्यापूर्वी त्यांची मस्टर, पगारपत्रके आणि इमारतींचे मूळ नकाशे राज्याच्या पुराभिलेख विभागाच्या ताब्यात द्यावेत. या कामाला जमीन लागत नाही, नियमात दुरुस्तीही लागत नाही. एक आदेश आणि दोन-चार टेम्पो पुरतात.